इमाम शाफई नेमके कोण, आणि कोकणातल्या मुसलमानांशी त्यांचा संबंध कसा आला?

खाडीकाठ

नमस्कार. माझे बालपण दापोली तालुक्यातील एका गावात गेले. घरामागेच मशीद असल्याने असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, अजान झाली की आई चहाचे आधण ठेवीत असे. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालो, तेव्हा तीच अजान बरीच उशिरा ऐकू येऊ लागली. दोन गावांतल्या सूर्याचा फरक काही मिनिटांचा असणार, इतका कसा, हा प्रश्न अनेक वर्षे मनात राहिला. गेल्या महिन्यात गावी गेलो असता शेजारच्या चाचांना विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आम्ही शाफई, तिकडचे बहुतेक हनफी."

त्यानंतर जे वाचले त्यातून एवढे कळले की शाफई हे एका धर्मशास्त्रज्ञाचे नाव आहे. परंतु हे गृहस्थ संत होते, न्यायाधीश होते की ग्रंथकार, त्यांनी नेमके काय केले म्हणून त्यांच्या नावाची परंपरा बाराशे वर्षे टिकली, आणि ती कोकणच्या किनाऱ्याला कशी लागली, याचा उलगडा झालेला नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी वही

आपल्या अजानीपासूनच सुरुवात करतो. शाफई मतानुसार, भर दुपारी पडणारी मूळ सावली वगळून, उभ्या काठीची सावली काठीएवढी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफी परंपरा ज्यांच्या नावाने चालते त्या अबू हनीफा यांच्या मतानुसार ती काठीच्या दुप्पट व्हावी लागते. आपल्याकडे या दोन वेळांत साधारण पाऊण ते एक तासाचे अंतर पडते. गंमत अशी की खुद्द अबू हनीफा यांचे दोन प्रमुख शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश्-शैबानी, यांनी या बाबतीत एकपट सावलीचेच मत धरले होते. तरीही भारतातील हनफी मशिदींत दुप्पट सावलीचाच प्रघात पडला.

आता चरित्र. मुहम्मद इब्न इद्रीस अश्-शाफई यांचा जन्म हिजरी १५० मध्ये, म्हणजे इसवी सन ७६७ च्या सुमारास, गाझा येथे झाला असे बहुतेक चरित्रकार मानतात. वडील लवकर वारले आणि आईने लहानग्याला मक्केला आणले. घराणे कुरैश, म्हणजे प्रेषितांच्या कुळाशी नाते सांगणारे, परंतु घरात पैसा नव्हता. कागद परवडत नसल्याने ते हाडांवर टिपणे लिहीत, असे चरित्रकार सांगतात. हुजैल नावाच्या जमातीत राहून त्यांनी अरबी भाषा आणि काव्य आत्मसात केले. पुढे मदिनेचे धर्मशास्त्रज्ञ मालिक इब्न अनस यांचा 'मुवत्ता' हा ग्रंथ पाठ करून ते मदिनेला त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि बराच काळ त्यांचे शिष्य राहिले.

मालिक यांचे निधन झाल्यावर त्यांनी यमनमध्ये सरकारी काम पत्करले. तेथे प्रेषितांचे जावई अली यांच्या वंशजांच्या बंडाला साथ दिल्याचा आळ त्यांच्यावर आला आणि त्यांना इतर आरोपींबरोबर खलिफा हारून अर्-रशीद यांच्यासमोर उभे करण्यात आले. त्या प्रसंगी त्यांची रदबदली केली ती, परंपरेनुसार, वर उल्लेखिलेल्या हनफी पंडित शैबानी यांनी. त्यांच्याकडून शाफईंनी इराकी पंडितांची विद्या शिकून घेतली. ही अटक टळली असती, तर मदिनेतील एक विद्वान शिष्य एवढीच त्यांची ओळख उरली असती, असे मला वाटते. मदिना आणि इराक या दोन्ही घराण्यांची विद्या आतून पाहिलेला, आणि म्हणूनच दोन्हींच्या उणिवा ओळखणारा माणूस तेव्हा घडला, आणि त्यानेच पुढे इस्लामी विधिशास्त्राचा पाया घातला.

नंतर मक्का, बगदाद, आणि सुमारे ८१४ पासून इजिप्तमधील फुस्तात येथे त्यांनी अध्यापन केले. बगदादमध्ये पुढे हंबली परंपरा ज्यांच्या नावाने चालली त्या अहमद इब्न हंबल यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली. २० जानेवारी ८२० रोजी फुस्तात येथेच त्यांचे निधन झाले.

पायवाट

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु "पाया घातला" या शब्दांवर माझा थोडा आक्षेप आहे. तो शेवटी मांडतो; आधी त्यांनी केले काय, हे एका सौद्यावरून पाहू.

समजा, बाजारात दोघांचा तोंडी सौदा ठरला. दोघे अजून तेथेच बसलेले असताना त्यांपैकी एकाला माघार घेता येईल काय? दोघे एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत घेता येते, अशा आशयाची हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची परंपरेने आलेली नोंद, आहे. ती मालिक यांनी स्वतः 'मुवत्ता'मध्ये नोंदवली, आणि लगेच पुढे लिहिले की आमच्याकडे याला ठरलेली मर्यादा नाही आणि तसा प्रघातही नाही. मदिना हे प्रेषितांचे गाव. तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटी आचार हाच मालिक यांना एखाद्या सुट्या कथनापेक्षा भक्कम पुरावा वाटे. शाफईंनी आपल्याच गुरूला येथे अडवले. विश्वासार्ह माणसांच्या साखळीतून प्रेषितांचे वचन आले असेल, तर एका शहराची वहिवाट ते बाजूला कशी सारू शकेल, असा त्यांचा सवाल होता. म्हणूनच शाफई मतानुसार बैठक मोडेपर्यंत सौदा मोडता येतो.

इराककडे त्यांनी हाच सवाल दुसऱ्या बाजूने केला. तेथील पंडित कधी कधी काटेकोर तर्काचा निष्कर्ष सोडून अधिक उचित वाटणारा निर्णय देत. त्याला इस्तिहसान म्हणतात. शाफईंच्या मते अशा निर्णयात पंडित स्वतःच कायदा करू लागतो. त्याऐवजी त्यांनी क्रम लावून दिला: आधी कुराण, मग सुन्ना म्हणजे प्रेषितांची वचने आणि आचार, मग सर्वसंमती म्हणजे इज्मा, आणि यांत उत्तर नसेल तर कियास, म्हणजे ज्ञात निर्णयाच्या कारणावरून अज्ञात प्रश्नाचा निर्णय काढणे. बापाने तान्ह्या मुलाचे पालनपोषण करावे असे कुराण सांगते. त्यावरून, कमावता न राहिलेल्या वृद्ध बापाला मुलाने पोसले पाहिजे, हा निर्णय ते आपल्या 'रिसाला' या ग्रंथात कियासाने काढून दाखवतात.

त्याच ग्रंथातील किब्ल्याचा, म्हणजे नमाजात मक्केतील काब्याकडे तोंड करण्याच्या दिशेचा, दृष्टांत मला फार आवडतो. काबा डोळ्यांसमोर असेल तर दिशेचा प्रश्नच नाही. परंतु दूर असलेल्या माणसाने तारे, डोंगर, वारे या खुणांवरून दिशा ठरवायची असते. दोन जाणत्यांच्या दिशा जुळल्या नाहीत, तर प्रत्येकाने आपल्या शोधाप्रमाणे तोंड करावे. मात्र खुणा न पाहता मनाला येईल तिकडे तोंड करणाऱ्याला हे स्वातंत्र्य नाही. मतभेदाला ही मुभा आहे, पण "तुझ्या खुणा दाखव" ही अट कोणालाच सुटत नाही.

स्वतः शाफईंनाही ती सुटली नाही. इजिप्तमध्ये आल्यावर त्यांनी आपली अनेक मते बदलली, 'रिसाला' नव्याने लिहिला, आणि त्यामुळे परंपरेत त्यांचे 'जुने मत' आणि 'नवे मत' असे दोन भाग पडले. सामान्यतः नवे मत ग्राह्य धरतात, परंतु तेथेही अपवाद आहेत. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजाची वेळ अगदी थोडी असते असे त्यांचे नवे मत मानले जाते. तेराव्या शतकातील थोर शाफई पंडित नववी यांनी मात्र पुराव्याच्या बळावर, पश्चिमेची लाली मावळेपर्यंत वेळ असते, हे जुने मत उचलून धरले. संस्थापकाचे अखेरचे मत त्याच्याच अनुयायांनी बाजूला ठेवले, हे या परंपरेच्या स्वभावाला धरूनच झाले.

आता आक्षेप. विसाव्या शतकाच्या मध्यास इस्लामी कायद्याचे अभ्यासक जोसेफ शाख्त यांनी शाफईंना या शास्त्राच्या इतिहासातील निर्णायक स्थान दिले. १९९३ मध्ये त्याच विषयाचे अभ्यासक वाएल हल्लाक यांनी त्यावर शंका घेतली: 'रिसाला' लिहिल्यावर सुमारे शतकभर त्यावर भाष्ये किंवा खंडने फारशी आढळत नाहीत, आणि या शास्त्राचे पूर्ण रूप पुढच्या पिढ्यांनी घडवले. मला दुसरे मत अधिक पटते. शाफईंनी प्रश्न ठणकावून विचारला; इमारत नंतरच्यांनी उभारली, आणि मुझनी, बुवैती, रबी अल्-मुरादी या इजिप्तमधील शिष्यांनी त्यांचे शब्द जपले नसते तर तीही उभी राहिली नसती.

बंदरपट्टी

कोकणाच्या भागाविषयी लिहितो. व्यवसायाने वकील असल्याने थोडे कायद्याकडे झुकेन, ते सांभाळून घ्यावे.

अरब प्रवासी मसूदी याने हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, सैमूर म्हणजे आपले चौल पाहिले. शिलाहार राजा झंझ याच्या अमलाखालील त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो, आणि त्यांचे आपसातील व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला असे. यावरून ते शाफई होते असा निष्कर्ष मात्र काढू नये. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता कर्नाटक किनाऱ्यावरील होनावरच्या मुसलमानांना स्पष्टपणे शाफई म्हणतो, तेथे पुरावा ठाम होतो. यमनपासून मलबार, श्रीलंका, मलाया, जावापर्यंत आणि पलीकडे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही हीच परंपरा आढळते. ती व्यापारी गलबतांच्या वाटेने पसरली. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खनमध्ये मध्य आशियातून खुष्कीच्या मार्गाने आलेल्या राजवटींबरोबर हनफी मत आले. आपली दापोली आणि पुणे यांच्यामधला घाट म्हणजे ढोबळमानाने याच दोन वाटांची सरहद्द होय. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) आज दर्ग्यामुळे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ते कुराणाचे अरबी भाष्यकार आणि शाफई परंपरेतील पंडित होते, हे त्यांच्या उरुसाच्या गर्दीत बहुधा विसरले जाते.

हा फरक न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. शाफई मतानुसार वली, म्हणजे पिता किंवा तत्सम पालक, लागतोच. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले, की शाफई घरातील वयात आलेल्या मुलीने हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीविना निकाह केला होता. न्यायालयाने तो वैध ठरवला, म्हणजेच एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत जाण्याचा तिचा अधिकार मान्य केला.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चहाच्या वेळेमागे एवढे असेल असे वाटले नव्हते. एक शंका उरते: माहीमला दर्गा आहे, तसा शाफईंचा कोठे आहे काय? की शास्त्रकार म्हटल्यावर लोक तेथे नवस बोलायला जात नाहीत?

जुनी वही

जातात, आणि मोठ्या संख्येने जातात. कैरोच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. इजिप्तचा सुलतान सलाहुद्दीन याने कबरीवर नक्षीदार लाकडी आवरण करवले आणि १२११ मध्ये सुलतान अल्-कामिल याने त्यावर प्रचंड घुमट उभारला. घुमटाच्या टोकावर कळसाच्या जागी धातूची एक लहानशी होडी आहे. तीत पाखरांसाठी दाणे ठेवत, असे सांगतात.

तेथे केवळ नवस नसतात. ज्यांना कचेरीत किंवा भाऊबंदांत न्याय मिळाला नाही, असे लोक इमामांच्या नावे तक्रारअर्ज लिहून कबरीपाशी ठेवतात किंवा टपालानेही पाठवतात. सय्यद उवैस या इजिप्शियन समाजशास्त्रज्ञाने अशा पत्रांचा अभ्यास केला होता. चोरी, फसवणूक, जुलूम अशी फिर्याद सविस्तर मांडून ही मंडळी निकाल मागतात.