शेवटच्या बाकावर बसून विद्यार्थी दिसत नाही

पॉलीतली बाई

परवा इथे एकांनी लिहिलं होतं, ‘प्रत्येक प्राध्यापकाने महिन्यातून एकदा सहकाऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसावं, मग विद्यार्थ्याला काय वाटतं ते आपोआप कळेल.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी १९ वर्षं पॉलिटेक्निकला अप्लाइड मेकॅनिक्स शिकवते. बाकावर बसून पाहिलंय. मागून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही आणि पंख्याचा आवाज होतो, हे कळलं. ते कळणंही गरजेचं होतं, नाही म्हणत नाही. पण विषय मला येत होता! तो न येणाऱ्याच्या डोक्यात त्या तासाला काय चाललंय, ते मला कसं कळणार? जागा बदलली तरी डोकं माझंच होतं.

मग गेल्या वर्षी तास संपल्यावर सहा जणांच्या वह्या मागितल्या. तपासायला नाही, वाचायला. उतरणीवरच्या ठोकळ्याची फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे त्याच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, शिकवली होती. मी आधी ठोकळा काढते, मग वजनाचा बाण, मग पृष्ठभाग ठोकळ्याला काटकोनात देतो तो रेटा म्हणजे नॉर्मल रिअ‍ॅक्शन, मग घर्षण, शेवटी वजनाचे दोन घटक पाडते. प्रत्येक पायरीला बोलते. वह्यांमध्ये पायऱ्याच नव्हत्या. शेवटी फळ्यावर जे उरलं तेवढंच एक चित्र. ठोकळ्यावर पाच बाण, त्यात मूळ वजनही आणि त्याचे दोन घटकही. म्हणजे वजन दोनदा धरलेलं. ही चूक मी वर्षानुवर्षं पेपरात लाल पेनाने कापत आले आणि ‘लक्ष कुठे असतं यांचं’ म्हणत आले. ती माझ्याच फळ्यावरून उतरवलेली होती.

दुसरं, सपाट टेबलावरच्या ठोकळ्यासाठी ‘एन बरोबर एमजी’, म्हणजे तो काटकोनातला रेटा वजनाइतकाच, असं लिहिलं होतं. चार वह्यांत त्याभोवती चौकट, आणि उतरणीच्या गणितातही, जिथे ते चालत नाही, तेच घातलेलं. चौकट करा असं मी सांगितलं नव्हतं. पण शेवटची ओळ अधोरेखित करायची मला सवय आहे, आणि बाई रेघ मारतात ते पाठ करायचं, हे मुलांनी शाळेपासून शिकलेलं आहे.

आता मी प्रत्येक पायरीला नवीन चित्र काढते. घटक पाडले की मूळ वजनाचा बाण तुटक करते. फळा दोनदा पुसावा लागतो. एकदा वह्या मागून बघा, एवढंच म्हणणं आहे.

चार कॉलेजं एक स्कूटर

मॅडम, तुम्ही कायम आहात. मी तासिका तत्त्वावर आहे. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही कधी तीन-चार महिन्यांनी. वही वाचायचे शून्य. दीडला एका गावात तास संपतो, तीनला दुसऱ्या गावात सुरू होतो. सिलॅबस नाही संपला तर मेमो मला मिळतो. आधी पदं भरा, मग आम्हाला विद्यार्थ्याची नजर शिकवा. आणि नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, दर सेमिस्टरला फीडबॅक फॉर्म भरून घेतातच. कुणाला काही सांगायचं असेल तर तिथे सांगेल.

मेकॅनिकल दुसरं वर्ष

सर, फॉर्म रोल नंबरने लॉगिन करून भरावा लागतो. ओरल आणि टर्मवर्कचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांना पाचपैकी २ कोण देणार? फॉर्म भरला नाही तर हॉलतिकीट अडकेल असं सांगतात, म्हणून सगळे वरपासून खालपर्यंत ५ टाकतात. माझ्याही फॉर्मवर सगळे ५ आहेत, आणि त्यातल्या एका विषयात मला एटीकेटी आहे, म्हणजे तो विषय राहिलाय.

गुरुजी ३४ वर्षे

बाईंचा प्रामाणिकपणा आवडला, निष्कर्ष पटला नाही. वही नीट उतरवणं, घरी जाऊन ती पुन्हा लिहिणं, अडलं तर विचारणं, हे विद्यार्थ्याचं काम आहे. प्रत्येक घास चावून भरवला तर दात कशाला हवेत? शिकणाऱ्याने दोन पायऱ्या वर यायच्या असतात. सगळ्याच पायऱ्या शिक्षकाने उतरायच्या, ही आजची फॅशन आहे आणि तिचे परिणाम आपण निकालात बघतो आहोत.

डहाणू लोकल

गुरुजी, आमच्याच भागातलं सांगतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जायची. ‘वर या’ म्हणत त्या बसल्या असत्या तर आजही वाट बघत असत्या. त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा हे नाव तिथलं. माझ्या घरच्या दोन पिढ्या त्यानंतर शिकल्या, त्यामुळे याला फॅशन म्हटलेलं मला सहन होत नाही.

गुरुजी ३४ वर्षे

ताराबाई-अनुताईंबद्दल मी एक शब्द वावगा काढलेला नाही, काढणारही नाही. पण ती मुलं लहान होती आणि पोटापाण्यात अडकलेली होती. बाईंची मुलं १८ वर्षांची आहेत.

भौतिकीवाला

हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर १९८४ पासून तिथे शिकवत होते. मुलांचे अभिप्राय उत्तम, कठीण गणितंही मुलं सोडवायची. मग त्यांनी बलाच्या मूळ कल्पनांवरची साध्या भाषेतली चाचणी दिली. ट्रक आणि छोटी गाडी आदळली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, या जातीचे प्रश्न. एका मुलीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? म्हणजे शिकवलेलं एक आणि मनात पटलेलं दुसरंच; या एका प्रश्नात सगळं आलं. तेव्हा फॉर्मवरच्या पाचाला काय अर्थ आहे ते स्कूटरवाल्या सरांनी ठरवावं.

पण बाईंनाही एक सांगतो. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या वर्गात मुलांनी स्वतः गणितं सोडवली तिथे ती जास्त शिकली, मात्र त्यांना स्वतःला वाटलं की आपण कमी शिकलो. छान व्याख्यान ऐकलेल्यांचं उलट. म्हणजे विद्यार्थ्याला जे दिसतं ते खरंच असतं असं नाही. त्याच्या नजरेने पाहा, पण वर्ग तिच्यावर चालवू नका.

पॉलीतली बाई

म्हणून तर मी मतं विचारली नाहीत, वह्या मागितल्या. वही म्हणजे मत नव्हे.

वेग आणि चाल

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमच्या पुस्तकात स्पीडला चाल, आणि व्हेलॉसिटीला, म्हणजे दिशेसकट स्पीडला, वेग. डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात सर आमच्यावर दया म्हणून मराठीत म्हणाले, ‘स्पीड म्हणजे वेग रे.’ मला व्हेलॉसिटी म्हणजेही वेगच माहीत. तीन आठवडे मी दोन्हींना एकच समजून दिशेचं चिन्ह घालत नव्हतो. विचारलं नाही, कारण पहिल्याच दिवशी एकाने मराठीत शंका विचारली तेव्हा वर्ग हसला होता आणि सरही हसले होते. नंतर वर्षभर त्या वर्गात कुणी मराठीत तोंड उघडलं नाही. गुरुजी, अडलं तर विचारावं म्हणता, ते असं असतं.

पालक पुणे

म्हणूनच आम्ही मुलीला पाचवीपासून सेमी-इंग्रजीला घातलं. पुढे सगळं इंग्रजीतच आहे, तर त्वरण, संवेग पाठ करून काय मिळवायचं? हा घोळ शिक्षकाचा नाही, माध्यमाचा आहे.

वेग आणि चाल

घोळ माध्यमाचा नव्हता. सरांनी आमचं नववीचं पुस्तक एकदा उघडून पाहिलं असतं तर १० मिनिटांत मिटला असता. मला त्वरण कळलं होतं म्हणून अ‍ॅक्सिलरेशन कळलं. सेमीतून आलेल्या माझ्या रूमपार्टनरला शब्द येत होता आणि अर्थ मी सांगत होतो.

पालक पुणे

एका रूमपार्टनरवरून लाखो पालकांना मूर्ख ठरवू नका. तुमच्या हट्टापायी आमच्या मुलीने मागे राहायचं का?

डहाणू लोकल

मूर्ख कुणी म्हटलेलं नाही. पण तुमच्यासारखे पालक निघून गेले म्हणून आमच्या गावातल्या शाळेचा पट घसरला, शाळा दुसऱ्या शाळेत जोडली आणि आता पोरं चार किलोमीटर चालतात. त्यांच्या नजरेतून कोण बघणार?

पालक पुणे

माझ्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय मी तुम्हाला विचारून घेणार नाही. इथे थांबते.

पॉलीतली बाई

थांबा सगळेच. माध्यमावर भांडायला आयुष्य पडलंय. पण वेग-चालवाल्यांचं मनाला लागलं. ‘स्पीड म्हणजे वेग’ हे मीही वर्गात म्हणालेली आहे, कितीदा ते आठवत नाही. त्यांचं पुस्तक मी १९ वर्षांत उघडलेलं नाही. उद्या ग्रंथालयातून नववीचं विज्ञान काढते.

मोडी शिकणारा

मी ५२ वर्षांचा, २५ वर्षं गणित शिकवतोय. दिवाळीपासून मराठीची जुनी मोडी लिपी शिकायला जातो. आधी ओळभर शिरोरेषा मारायची, मग खाली अक्षरं लटकवायची, हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दिसत नाही. मी विचारलं, हे ‘दिन’ की ‘दीन’ कसं ओळखायचं? शिक्षक म्हणाले, ‘संदर्भाने कळतं.’ सगळा वर्ग पुढे गेला आणि मी त्या ओळीवरच राहिलो. कान तापले. घरी येताना आठवलं, ‘हे तर उघडच आहे’ असं मी रोज म्हणतो. बाई, वह्या मागा, पण शिक्षकाने एखादी न येणारी गोष्टही शिकत राहायला हवी. आपला वर्ग पुढे गेल्याशिवाय हे कळत नाही.

गुरुजी ३४ वर्षे

वर्गाने हसणं आणि शिक्षकाने त्यात सामील होणं, याचं समर्थन मी करणार नाही. माझ्या वर्गात असं घडलं नाही असं लिहायला बसलो होतो, पण तितकी खात्री देता येत नाही. बाकी मत कायम.

चार कॉलेजं एक स्कूटर

पैशाचा मुद्दा कुणीच घेतला नाही, त्याची नोंद असू द्या. सोमवारी नऊच्या तासाला तीन वह्या मागतो. वर्गापासून पार्किंगपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढं. जास्त माझ्याकडून होणार नाही.

मेकॅनिकल दुसरं वर्ष

सर, आदल्या दिवशी सांगू नका. सांगितलंत तर सगळे रात्री हुशार मुलीची वही उतरवून आणतील. आणि वही कुणाची ते वर्गात सांगू नका.

पॉलीतली बाई

बरोबर आहे. मी पहिल्यांदा मागितल्या तेव्हा कुणीही देईना. मग मी माझ्याच फळ्याचा फोटो दाखवला, त्यातली माझी एक चूक दाखवली आणि म्हटलं, अजून कुठे चुकलंय ते मला तुमच्या वहीतून बघायचंय. पहिली वही मागच्या बाकावरून आली.