मेनहिर : उभा दगड, शिलास्तंभ की आणखी काही?

भाषांतरवाली : मुडुमलवरचा लेख मराठीत आणतेय. तेलंगणात, नारायणपेठी साडीच्या नारायणपेठ जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी बारा-चौदा फुटी मेनहिर, म्हणजे प्राचीन काळी माणसांनी उभे केलेले उंच दगड, रोवलेले आहेत. २०२५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. मी 'शिलास्तंभ' लिहिलं, संपादकांनी खोडून 'उभे दगड' केलं. मला ते फार उघडंबोडकं वाटतं.

कातळवेडा : संपादकांचं बरोबर आहे. स्तंभ म्हटला की तो घडवलेला, तासलेला, अशोकस्तंभ आठवा. मेनहिर सहसा आहे तसाच रोवलेला दगड.

अभ्यंकरी : मूळ शब्द तरी कुठे भारदस्त आहे? ब्रेटन भाषेत मेन म्हणजे दगड, हिर म्हणजे लांब. पण परिभाषा हवीच. 'एकाश्म' घ्या, एकाच अखंड दगडाचं ते.

कातळवेडा : एकाश्म म्हणजे लोकांना वेरूळचं कैलास लेणंच दिसणार! मुडुमलचे गावकरी या दगडांना 'नीलुराळ्ळ तिम्मप्पा' म्हणून पूजतात. तेलुगूत निलुवु म्हणजे उभा, राळ्ळु म्हणजे दगड. त्यांनी 'उभे दगड'च म्हटलंय ना?

वैदर्भी : शब्द साधा असला की माणसं वस्तूही साधी समजतात, ही माझी भीती आहे. आमच्याकडे शेतात उभा दगड म्हणजे शिवेचा, नाहीतर शेंदूर फासलेला म्हसोबा. म्हसोबाला कुणी हात लावत नाही, पण नुसता दगड जेसीबीपुढे टिकत नाही. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं संरक्षित आहेत. संरक्षित यादीबाहेरच्यांना वाली कोण? प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात 'मोनोलिथ', म्हणजे एकाश्म, स्पष्ट लिहिलंय, म्हणजे उभा दगडही त्यात बसतो. ते तलाठ्याला कळेल असा शब्द पाहिजे. भामरागडकडचे माडिया तर आजही मृतांसाठी दगड उभारतात, आधी त्यांना विचारा.

अभ्यंकरी : तलाठ्यासाठी भाषा पातळ करायची? उद्या विरगळीलाही, वीराच्या स्मारकशिळेलाही, 'लढाईचा दगड' म्हणाल.

सीमावासी : विरगळ तरी कुठे संस्कृत आहे? कन्नड वीरगल्लु, कल्लु म्हणजे दगड. मास्तिगल्लु पाहा, तो सतीचा.

अभ्यंकरी : 'वीर' संस्कृतच आहे. आणि शब्द 'वीरगळ' असा दीर्घ लिहावा.

सीमावासी : आमच्याकडे सगळे ऱ्हस्वच लिहितात, बोलतातही.

भाषांतरवाली : लेख परवा छापायला जातोय. मेनहिरचं काय करू?

सीमावासी : अभ्यंकरी, दीर्घ 'वी' कुठल्या कोशात आहे ते सांगा, मग पुढे बोलू.