१७ वर्षांची गाडी मोडीत काढायची का? सवलतीचा हिशोब मला पटत नाही

सेलूकर
माझी पेट्रोल गाडी २००८ ची. २०२३ ला फेरनोंदणीचे ५,००० भरले. एप्रिल २०२२ च्या आधी हेच काम ६०० रुपयांत व्हायचं. गाडी महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर चालते. परभणीचा दवाखाना, लग्नकार्य, वेचणीच्या दिवसांत शेत, एवढंच.

भाचा म्हणतो, मोडीत काढा, सरकार पैसे देतंय. मी हिशोब मांडला. ७ लाखांची नवी गाडी धरली, तर केंद्राच्या जुन्या गाड्या मोडीत काढायच्या धोरणानुसार माझ्या गाडीच्या भंगाराची किंमत तिच्या ४ ते ६ टक्के, म्हणजे २८ ते ४२ हजार. नव्या गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट, पण ती कमाल मर्यादा. राज्य किती देईल ते राज्यावर. पूर्ण दिली तरी ७७ हजारांच्या करावर १९ हजार. कंपन्यांना ५ टक्के सूट द्यायचा नुसता सल्ला आहे, सक्ती नाही.

आणि मला नवी घ्यायचीच नाही, तेवढी ऐपत नाही. पुढची घेतली तरी वापरलेलीच घेणार. म्हणजे माझ्या हातात फक्त भंगाराचे पैसे, आणि गावातला एक जण याच गाडीचे ९० हजार द्यायला तयार आहे. जो नवी घेणारच होता त्यालाच हा पैसा मिळतो, असं माझं म्हणणं आहे.

वाळूजचा कामगार
दादा, एका घराचा हिशोब बरोबर आहे, पण आमचंही बघा. १९८५ ला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणारे शेकडो शेड उभे राहिले. नवी गाडी विकली की आमच्याकडं ऑर्डर येते, ओव्हरटाइम मिळतो. गंगापूर-पैठणची पोरं त्यावर जगतात.

सेलूकर
तुमच्या पोटाविरुद्ध मी नाही. पण अमेरिकेनं २००९ ला हेच केलं. जुनी गाडी द्या, साडेतीन ते साडेचार हजार डॉलर घ्या. ३०० कोटी डॉलर खर्चून पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या बदलल्या. पुढं अभ्यासकांनी पाहिलं तर त्या दोन महिन्यांत वाढलेली विक्री नंतरच्या महिन्यांत तेवढीच घटली होती. लोकांनी खरेदी फक्त अलीकडं ओढली. ऑर्डरी वाढवायच्या तर सप्टेंबर २०२५ ला लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी (सेस धरून) २९ वरून १८ टक्क्यांवर आला, तो उपाय मोठा. त्यासाठी कुणाला चालती गाडी मोडावी लागली नाही.

जालन्याहून
तुम्ही धुराचं नावच काढलं नाही. बीएस म्हणजे गाडीच्या धुरावरचे सरकारी नियम. डिझेल गाडीच्या धुरातल्या कणांची मर्यादा जुन्या बीएस-२ ला किलोमीटरला ०.०८ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.००४५. अठरापट फरक! माझ्या पोराला दमा आहे, बस स्टँडवर उभं राहिलं की कळतं. दुसरं, आमच्या इथल्या भट्ट्या भंगारावरच चालतात, त्यातूनच सळई निघते. देश बाहेरून भंगार आणतो आणि आपलं पत्र्याच्या शेडात गंजत पडतं.

सेलूकर
पोराचं ऐकून वाईट वाटलं, अन् मुद्दाही खरा आहे. मग पैसा जास्त पळणाऱ्या जुन्या डिझेल टमटम आणि ट्रककडं आधी वळवा. माझी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते, टमटम तेवढं महिन्याभरात पळते. नुसतं वय न बघता गाडी किती पळते तेही बघावं, असं मला वाटतं.

उदगीर गॅरेज
वीस वर्षं हात काळे करतोय, म्हणून सांगतो. ६०-७० हजारांची गाडी ही लै लोकांची पहिली गाडी असते. अशा गाड्या कमी झाल्या की उरलेल्यांचा भाव चढतो. मोटारसायकलवर तिघं-चौघं बसून जाणारा तसाच जात राहील.

लातूरकर
एक गोष्ट सगळेच विसरले. गाडी मोडीत दिल्यावर मिळणारं ठेव प्रमाणपत्र विकता येतं. सेलूकर, तुम्ही नवी नका घेऊ, पण घेणाऱ्याला प्रमाणपत्र विका, करसवलत त्याला मिळेल. नोंदणीकृत मोड केंद्रालाच गाडी द्या, म्हणजे आरसीही रद्द होते आणि उद्या त्या गाडीनं काही घडलं तर नाव तुमचं येत नाही.

सेलूकर
हे माझ्या हिशोबात नव्हतं. भंगाराच्या ४२ हजारांशिवाय प्रमाणपत्राचे किती येतील ते विचारून बघतो. दोन्ही मिळून ९० च्या जवळ गेले तर देऊन टाकीन, नाहीतर २०२८ पर्यंत चालवीन. तेव्हा वीस वर्षं होतात आणि फेरनोंदणीला १०,००० लागतील. तेवढे गाडीवर घालायचे की नाही, हे घरच्यांना विचारून ठरवीन.