दोन बाथरूम एकदम चालू: १० लिटरचा एकच गॅस गिझर पुरेल का?

कळंबा_रोड:
दोन मजली घर, माणसं सहा. सकाळी साडेसहा ते साडेसात खाली-वर दोन्ही बाथरूम एकदम चालू. वर शॉवर, खाली बादली. गच्चीवर १००० लिटरची टाकी, तीन फुटी स्टँडवर. दुकानदार म्हणतो, १० लिटरचा एकच गॅस गिझर वरच्या डक्टमध्ये (पाइप जातात त्या मोकळ्या जागेत) टाका, सगळ्या घराला पुरेल. सोलरही डोक्यात आहे, पण आपल्याकडचा पावसाळा माहीत आहेच. तांब्याचा बंब आहे, जळण फोडायला माणूस नाही. काय घ्यावं?

उद्यमनगरकर:
१० लिटर हा आकडा टाकीचा नाही. मिनिटाला १० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायची ती ताकद, म्हणजे साधारण साडेसतरा किलोवॅट. थंडीत टाकीतलं पाणी २० अंश धरा, अंगावर ४० हवं. शॉवरला मिनिटाला ८ लिटर, बादलीच्या नळाला तेवढंच. १६ लिटर २० अंशांनी तापवायला बावीस किलोवॅटच्या वर लागतात. म्हणजे दोन्हीकडे ३५-३६ अंशांचं कोमट पाणी. सहा लिटरवाला घेतलात तर विचारूच नका.

त्याहून मोठी अडचण दाबाची. दहा मीटर उंचीला एक बार. वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि गिझर यांत दीड-दोन मीटरच अंतर, म्हणजे ०.१५ ते ०.२ बार. गॅस गिझरात पाण्याच्या दाबानं रबरी पडदा सरकतो, मग गॅस सुटतो. एवढ्या कमी दाबावर तो कसाबसा पेटतो, आणि त्याच पाइपवर खाली कुणी फ्लश केला की विझतो. वरचा माणूस साबण लावून उभा.

घ्यायचाच असेल तर गिझर उघड्या डक्टमध्ये, बाथरूमच्या आत अजिबात नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस कळायच्या आत कोसळतो.

वायरमन_राजारामपुरी:
विजेच्या इन्स्टंट गिझरचंही (पाणी न साठवता वाहतं तापवणारा) तेच. ३ किलोवॅटचा गिझर २० अंशांनी तापवतो मिनिटाला जेमतेम २.१ लिटर. बेसिनला ठीक.

तुमच्या घराला प्रत्येक बाथरूमला वेगळा स्टोरेज गिझर. खाली बादलीला १५ लिटरचा पुरतो: ६० अंशांचं १५ लिटर पाणी थंडात मिसळलं की ४० अंशांचं ३० व्हायला हवं, पण आत थंड पाणी शिरत जातं म्हणून २४-२५ धरा. वर २५ लिटरचा, त्यातून चाळीसेक लिटर निघतं. २ किलोवॅटला २५ लिटर २० वरून ६० अंशांवर जायला ३५ मिनिटं, तेव्हा सहाच्या आधी चालू करा. वर तिघं पाठोपाठ शॉवर घेणार असतील तर तिसऱ्याच्या वाट्याला पाणी कमी पडेल. त्याला खाली पाठवा नाहीतर ३ किलोवॅटचं मॉडेल बघा.

३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. प्रत्येक गिझरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा), आणि अर्थिंग तपासून घ्या. जुन्या लाइट पॉइंटवरून ओढलेली वायर तापून सॉकेट काळं पडतं. बिलावरचा मंजूर भारही बघा. दोन गिझर आणि पाण्याची मोटर एकदम चालली तर साडेपाच किलोवॅटच्या आसपास जातं.

कळंबा_रोड:
धन्यवाद. वर शॉवरला जोर नाही म्हणून प्रेशर पंप लावायचा विचार आहे. पुढेमागे सोलर घेतला तर त्याच पाइपला जोडता येईल ना?

गच्ची_सोलर:
तिथंच कुटाणा होतो. साध्या सोलरची टाकी बिनदाबाची, गरम पाणी नुसत्या उंचीवर खाली येतं. थंड लाइनला पंप लावलात की मिक्सरमध्ये थंड पाणी गरम पाइपात उलटं शिरतं. नळाला गरम येत नाही आणि वर सोलरच्या व्हेंट पाइपातून (हवा जायला उघडा ठेवलेला) पाणी वाहत बसतं. लोक सोलरवाल्याला शिव्या देतात, दोष जोडणीचा असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हनं उलटं जाणं थांबतं, पण गरम पाणी तरीही थंडाच्या दाबापुढं येत नाही. एक तर गरम-थंड दोन्ही पंपाविना, नुसत्या उंचीच्या दाबावर ठेवा, नाहीतर सोलर प्रेशर टाकीचा घ्या.

सोलरचं पाणी गिझरच्या इनलेटला द्या. जुलैत ऊन नसलं तर गिझर तापवेल, एरवी थर्मोस्टॅट त्याला चालूच होऊ देणार नाही. मात्र सोलरचं पाणी उन्हाळ्यात खूप तापतं, तेव्हा गिझर तेवढं तापमान सोसणारा आहे का ते आधी विचारा. पाइप सीपीव्हीसीच हवा, साधा पीव्हीसी गरम पाण्यानं वाकतो. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी राहतं. बारा मीटर लांब असला तर आधी तीन लिटर गार पाणी सोडावं लागतं, म्हणून बाहेरच्या पाइपला फोमचं वेष्टन घाला.

वायरमन_राजारामपुरी:
पंप लावणार असाल तर गिझर ८ बार लिहिलेलाच घ्या. इनलेटजवळच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब गळतात. पाणी फुगतं, जागा लागतेच. गळतंय म्हणून तिथं बूच मारायचं नाही, टाकी फुटते. छोटी नळी लावून मोरीत सोडा. बोअरचं पाणी वापरत असाल तर कॉइलवर क्षार बसतात आणि तापायला वेळ लागू लागतो. दीड-दोन वर्षांनी खोलून साफ करा, टाकीला गंज लागू न देणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तेव्हाच बदला.