एकच इन्व्हेंटरी आणि '--लिमिट लावला की झालं' : मला हे पटत नाही

मल्हारगंजकर
काल इथे एकाने सल्ला दिला: स्टेजिंग (चाचणीचे), प्रॉडक्शन (खरे), मॉनिटरिंग, सगळे सर्व्हर ॲन्सिबलच्या (सर्व्हरांवर कामं चालवणाऱ्या साधनाच्या) एकाच इन्व्हेंटरीत, म्हणजे सर्व्हरांच्या यादीत ठेवा, गट पाडा आणि चालवताना --लिमिट लावा, म्हणजे काम ठरावीक सर्व्हरांपुरतंच चालेल. खाली बरेच अंगठे पडलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

लिमिट माणसाच्या आठवणीवर चालतो. प्लेबुकात (कामांच्या फाइलीत) 'होस्ट्स: वेब' आहे आणि घाईत लिमिट राहिला, की स्टेजिंगबरोबर प्रॉडक्शनचे वेबही त्याच फेरीत येतात. 'सीरियल' (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे) २५ टक्के ठेवला तरी तुकड्या इन्व्हेंटरीच्या क्रमाने पडतात. स्टेजिंग आधी, प्रॉडक्शन मग, असं त्याला कळत नाही.

याहून वाईट प्रकार लिमिट बरोबर लावूनही होतो. एक सर्व्हर 'स्टेजिंग' गटात आहे आणि 'वेब' गटातही. डेटाबेसचा पत्ता दोन्ही गटांच्या ग्रुप_वार्समध्ये (गटाची मूल्यं ठेवायच्या फाइलींत) लिहिलेला. एकाच पातळीवरचे गट ॲन्सिबल इंग्रजी वर्णक्रमाने जोडतो आणि शेवटचा वरचढ ठरतो. एस आधी, डब्ल्यू नंतर. 'वेब'मध्ये प्रॉडक्शनचा पत्ता असेल, तर स्टेजिंगचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) खऱ्या डेटावर चालतं. स्क्रीनवर सगळं हिरवं, एकही चूक दिसत नाही.

प्रत्येक वातावरणाची इन्व्हेंटरी वेगळ्या डिरेक्टरीत ठेवा, रोल्स (पुन्हा वापरायचे कामांचे संच) सामाईक ठेवा. 'वेब'सारखे भूमिकेचे गट त्या डिरेक्टरीच्या आत.

पलासियावाला
अहो, वर्णक्रमाचा इलाज आहे की. 'स्टेजिंग_वेब' हा उपगट करा, दोन्ही गटांचा चिल्ड्रन म्हणून जोडा आणि पत्ता तिथे लिहा. उपगटाचं मूल्य वरच्या गटावर मात करतं. नाहीतर 'ॲन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी' (कोणता गट वरचढ हे ठरवणारा आकडा) वाढवा. लिमिट विसरण्यावरही उपाय आहे: होस्ट्सच्या जागी 'टार्गेट' व्हेरिएबल ठेवा, डिफॉल्ट देऊ नका. ते दिलं नाही तर प्लेबुक सुरूच होत नाही.

आणि दोन डिरेक्टऱ्या केल्या की दोन महिन्यांत फरक पडायला लागतो. स्टेजिंगमध्ये पीएचपीची आवृत्ती बदलली, प्रॉडक्शनच्या फाइलीत राहून गेली. मग स्टेजिंगवर तपासलं याला अर्थ काय उरला?

मल्हारगंजकर
प्रायॉरिटी ग्रुप_वार्समध्ये लिहिली तर लागूच होत नाही, कारण ग्रुप_वार्स वाचताना तिचाच आधार घेतला जातो. ती इन्व्हेंटरीच्या मूळ फाइलीत लिहावी लागते. हे न सांगता तो इलाज पुढे करणं म्हणजे दुसऱ्याला खड्ड्यात घालणं आहे. सामाईक आवृत्ती रोलच्या डिफॉल्ट्समध्ये ठेवा, फरक पडणार नाही.

पलासियावाला
खड्ड्यात कुणी घालत नाहीये, शब्द जपून वापरा. आणि सामाईक मूल्यं बहुतेक लोक प्लेबुकशेजारच्या ग्रुप_वार्समध्ये ठेवतात, रोलमध्ये नाही. प्लेबुकशेजारची 'वेब'ची फाइल इन्व्हेंटरीतल्या 'वेब'च्या फाइलीवर मात करते. म्हणजे तुमच्या वेगळ्या डिरेक्टरीतला स्टेजिंगचा पत्ता तिथेही दबतो. ते तुम्ही का नाही सांगितलं?

राजवाडा_रूट
मूळ रोग नावांचा आहे. वेब१, वेब२, डीबी१ अशी नावं ठेवता आणि मग गोंधळ होतो. यंत्राला कामावरून नाव देऊ नये. यंत्रांच्या नावांबद्दलचं १९९० सालचं आरएफसी ११७८ (इंटरनेटवाल्यांचा दस्तऐवज) वाचा, त्यात हेच समजावलंय. सर्व्हरला सराफा, छावणी, खजराना अशी आपल्या इंदूरच्या भागांची नावं द्या. काम बदललं तरी नाव बदलावं लागत नाही.

तुकोगंज_०७
दादा, ते आरएफसी एकेका यंत्राच्या नावाबद्दल आहे, गटाच्या नाही. यंत्राला 'सराफा' म्हणा, हरकत नाही. पण गटाचं नाव 'सराफा' ठेवलं, तर रात्री दोनला फोन आल्यावर त्यात काय आहे हे कोण सांगणार? आपला सराफा दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा, हे इंदूरवाल्याला कळतं. पुण्याहून ड्यूटीवर आलेल्या मुलीला कसं कळावं?

राजवाडा_रूट
मुलगी शिकेल. आमच्याकडे गटही तसेच आहेत आणि नीट चालू आहेत.

तुकोगंज_०७
मग एकदा इन्व्हेंटरी तपासा. गट आणि यंत्र दोघांचं नाव 'सराफा' असेल तर ॲन्सिबल इशारा देतो, आणि लिमिटमध्ये 'सराफा' लिहिल्यावर एक यंत्र येतंय की अख्खा गट, हे दरवेळी --लिस्ट-होस्ट्सने बघावं लागतं. 'सुपर-कॉरिडॉर' असं हायफनचं गटनाव असेल तर तिथेही इशारा. यंत्राच्या नावात उलट: डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेच्या) होस्टनेममध्ये हायफन चालतो, अंडरस्कोर नाही. तुमचा नियम दोन्हीकडे एकच लावला तर एक बाजू मोडणारच.

आणि आकडेही टाळा. टेराफॉर्ममध्ये (सर्व्हर उभारायच्या साधनात) 'काउंट'ने, म्हणजे नुसत्या क्रमांकांनी, सहा सर्व्हर उभे केले आणि यादीतला तिसरा वगळला, तर त्याच्यानंतरचे सगळे एकेक घर सरकतात. प्लॅनमध्ये चांगले चालणारे सर्व्हर पाडून नव्याने उभे करायचं येऊ शकतं. 'फॉर_ईच'ला नावाची किल्ली असते, एक गेला तरी बाकीचे जागेवर राहतात.

राजवाडा_रूट
हायफनचं मान्य. यंत्रांची नावं मी बदलणार नाही.

मल्हारगंजकर
नावांवरच गाडी गेली. पलासियावाले, प्लेबुकशेजारच्या फाइलीचं तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण लिमिटचा आणखी एक त्रास आहे, त्यावर बोला. लोड बॅलन्सरचं (विनंत्या वेब सर्व्हरांत वाटणाऱ्याचं) टेम्प्लेट सगळ्या वेब सर्व्हरांचे पत्ते फॅक्ट्समधून, म्हणजे ॲन्सिबलने सर्व्हरांकडून गोळा केलेल्या माहितीतून घेतं. लिमिट फक्त बॅलन्सरवर लावला की वेबचे फॅक्ट्स गोळाच होत नाहीत. टेम्प्लेट अडकतं, किंवा कुणी 'डिफॉल्ट' रिकामं ठेवलं असेल तर पत्त्याविना ओळी छापल्या जातात.

पलासियावाला
'डेलिगेट_फॅक्ट्स' लावून वेब गटावर सेटअप (फॅक्ट्स गोळा करणारं मॉड्यूल) चालवा, नाहीतर फॅक्ट कॅश, म्हणजे आधीच्या फॅक्ट्सचा साठा ठेवा. पण हे तुमच्या वेगळ्या इन्व्हेंटरीतही होणार, लिमिट लावला की. तो मुद्दा तुमच्या बाजूचा नाही.

बरं, प्रॉडक्शन वेगळं काढतो. सर्व्हरवर शिरायची चावी आणि व्हॉल्टचा (ॲन्सिबलच्या कुलूपबंद गुपितांचा) पासवर्ड वेगळा ठेवता येतो, तेवढं कारण मला पुरतं. पण मॉनिटरिंगला दोन्हीकडची यंत्रं लागतात. त्यासाठी -आय (इन्व्हेंटरी सांगायचा पर्याय) दोनदा दिला की दोन्ही 'वेब' गट पुन्हा एक होतात, आणि मूल्यं भांडली तर नंतर दिलेल्या इन्व्हेंटरीचं चालतं. त्याचं काय?

तुकोगंज_०७
मॉनिटरिंगची तिसरी इन्व्हेंटरी करा. तिच्यात फक्त पत्ते आणि पोर्ट, ग्रुप_वार्स नाहीत. आणि तिच्या चावीला दोन्हीकडे सुडो (प्रशासकाचे अधिकार) देऊ नका.