गच्चीवर ‘नटरंग’, पार्किंगमध्ये तमाशा

सोमवार

जाधव वहिनी (बी-२०३), सकाळी ७.४२
सगळ्यांना नमस्कार. सकाळी सकाळी त्रास देते, माफ करा. शनिवारी गच्चीवर ‘नटरंग’ सिनेमा छान झाला, सेक्रेटरींनी कष्ट घेतले, त्याबद्दल काही नाही. पण काल दुपारपासून पार्किंगमधली चार-पाच पोरं आमच्या धाकट्याला ‘नाच्या’ म्हणून हाका मारालीत. क्लासला जाताना घुंगराची पिशवी ओढली. पोरगं रात्री जेवलं नाही. आता क्लासच नको म्हणतंय. कुणाची पोरं ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

देसाई काकू (बी-१०२), ७.५०
अगं बाई! शनिवारी सिनेमातल्या त्या गुणाला बघून माझा पदर भिजला होता आणि खाली हे??

कुलकर्णी काका (ए-५०१), ७.५३
गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे झाकण शनिवार रात्रीपासून उघडे आहे. कृपया संबंधितांनी बंद करावे.

भोसले (ए-३०४), ७.५५
काका, संबंधित म्हणजे कोण? झाकणावर बसून तीन प्लेट भेळ खाल्लेला माणूस सोसायटीत एकच हाय. नाव घेत नाही 😂

सेक्रेटरी पोवार, ८.०४
मी झाकणावर नाही, कठड्यावर बसलो होतो.

शिंदे (सी-४०२), ८.१५
वहिनी, नाव घेत नाही म्हणायचं आणि अख्ख्या ग्रुपला कळेल असं लिहायचं. हे बरं आहे. पोरं आहेत, चिडवणारच. आम्हाला काय काय म्हणायचे लहानपणी. मुद्दा असा की पोराबाळांसमोर असला सिनेमा लावलाच कशाला? त्यातला तो प्रसंग आला तेव्हा माझ्या पोरीनं विचारलं, पप्पा त्याला काय करालेत. काय सांगायचं मी?

देसाई काकू, ८.१८
ते मात्र खरं हं. मी नातीचे डोळे झाकले. सगळे ‘अप्सरा आली’ म्हणून बसले होते, मध्येच ते.

सेक्रेटरी पोवार, ८.२६
ग्रुपवर मतदान घेतलं होतं. ‘नटरंग’ला २३ मतं, विनोदी सिनेमाला ९. शिंदे साहेबांचं मत ‘नटरंग’लाच होतं, स्क्रीनशॉट टाकू का?

शिंदे, ८.२७
मी गाण्यांसाठी दिलं होतं.

भोसले, ८.२८
आम्ही सगळेच गाण्यांसाठी गेलतो दादा. येताना नाक पुसत आलो. काटा किर्र सिनेमा.

माने सर (चेअरमन), ९.१०
दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. लहान मुलांना मध्यंतरानंतर खाली पाठवायला हवं होतं, ही चूक कमिटीची. माझीच म्हणा. मी २०१० च्या जानेवारीत थिएटरात पाहिला होता, तो प्रसंग मला माहीत होता.
पण सिनेमाच नको होता, हे मला पटत नाही. ज्यांच्या कादंबरीवर तो निघाला ते आनंद यादव कागलचे, इथून वीसेक किलोमीटरवर. गुणा मोट मारणारा गडी. विहिरीवर पंप बसतो, मोट थांबते आणि मजुरी जाते. फड उभा राहतो तो त्या रिकाम्या हातांतून. वग त्यानं स्वतः रचलेला, राजा व्हायचं स्वप्न त्याचं. नाच्याशिवाय फड चालत नाही आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही, म्हणून तो उभा राहतो. हे आपल्या मातीतलं आहे. आपल्या पोरांनी नाही बघायचं तर कुणी?

कुलकर्णी काका, ९.१४
सर, उत्तम. गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे आहे. कबुतरे आहेत.

निकम (ए-२०२), ९.२०
त्यापेक्षा ‘पिंजरा’ लावायला पाहिजे होता. तोबी आपल्याच माणसाचा. शंकर पाटील, पट्टणकोडोली. त्यांच्या कथेवर.

माने सर, ९.२४
पिंजरा, १९७२. संवाद शंकर पाटलांचे. त्यांच्या कथेवरचा नव्हे.

निकम, ९.२५
तेच की ओ सर.

माने सर, ९.२५
तेच नव्हे.

निकम, ९.२७
आम्ही काय मास्तर नाही बाबा. पण ‘पिंजरा’तबी चांगला माणूस तमाशापायी वाया गेला. तमाशा आला की माणूस वाया जातोय, एवढंच म्हणायचंय.

भोसले, ९.२९
‘एक गाव बारा भानगडी’ लावा. तीबी लेखणी शंकर पाटलांचीच, आणि आपल्या सोसायटीत सगळे कलाकार घरचेच.

कांबळे सर (सी-१०१), ९.४१
तमाशानं माणूस वाया जातो म्हणणाऱ्यांनी अण्णाभाऊ साठे वाचावेत. वाटेगावचा माणूस, वारणेच्या पलीकडचा. त्यांच्या कादंबऱ्यांवर ‘वैजयंता’ आला, ‘फकिरा’ आला, ‘वारणेचा वाघ’ आला. ‘वैजयंता’ तर तमाशातल्या बाईचीच गोष्ट, आणि तिच्या इभ्रतीची. ‘आवडी’चा सिनेमा झाला तेव्हा नाव ‘टिळा लावते मी रक्ताचा’. ‘चिखलातील कमळ’चं ‘मुरळी मल्हारी रायाची’. पुस्तकाचं नाव पोस्टरवर टिकलं नाही. लेखक १८ जुलै १९६९ ला गेला. माणसाच्या गोष्टीवर रडायचं आणि माणसाला मात्र वस्तीतच ठेवायचं, ही आपली जुनी रीत आहे.

शिंदे, ९.४६
सर, इथे जात कशाला आणताय?

कांबळे सर, ९.४७
मी आणली नाही. होती तिथेच आहे.

देसाई काकू, ९.४९
🙏🙏 शांत व्हा सगळे. आज सोमवार आहे.

भोसले, ९.५०
काकू, सोमवारचं काय?

देसाई काकू, ९.५०
उपास असतो.

शिंदे, १०.०५
मी स्पष्ट बोलतो. वाईट वाटून घेऊ नका वहिनी, मनापासून सांगतोय. सिनेमात शेवटी त्या माणसाचं काय झालं बघितलं ना? घर गेलं, बायको गेली, गावानं हसून घेतलं. मग आपण पोराला त्याच वाटेनं कशाला धाडायचं? कोल्हापुरात राहतोय आपण. तालमीत घाला. खासबागेत कुस्ती बघायला मी स्वतः घेऊन जातो.

जाधव वहिनी, १०.०९
गुणापण पैलवानी अंगाचाच गडी होता भाऊजी.

शिंदे, १०.११
_हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे_

भोसले, १०.११
वाचला मी 🤐

निकम, १०.१३
मीबी.

कुलकर्णी काका, १०.२०
गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे झाकण.

माने सर, १०.३८
शिंदे, तुम्ही शेवटावर बोललात म्हणून सांगतो. सिनेमाचा शेवट गुणाच्या सत्कारावर होतो, टाळ्या वाजतात, आपणही गच्चीवर वाजवल्या. कादंबरी मिटताना टाळ्या ऐकू येत नाहीत. यादवांनी गुणाला इतकं सोपं सोडलेलं नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. माझ्याकडे प्रत आहे, कुणाला हवी तर न्या. परत आणून द्या. (यादवांची ‘झोंबी’ कुणाकडे आहे ते मला माहीत आहे. दोन वर्षं झाली.)
अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी अंग आधी कमावलं आणि मग उतरवलं. आधी पैलवानासारखा चालणारा माणूस पुढे मान वेळावून चालतो, आणि आपल्याला हसू येत नाही. शनिवारी गच्चीवर कुणीही हसलं नाही. मी मागं उभा होतो, बघत होतो. तुमचं पोरगंही हसलं नाही शिंदे. ते रडत होतं. खाली उतरल्यावर काय झालं कोण जाणे.

सेक्रेटरी पोवार, १०.४०
सर, ‘झोंबी’ माझ्याकडे आहे. संध्याकाळी देतो.

निकम, १०.४४
बायकांची कामं पुरुषांनी करायची ती पद्धतच बरोबर नव्हती म्हणतो मी.

माने सर, १०.५२
मग केशवराव भोसल्यांच्या नावाच्या नाट्यगृहात इतकी वर्षं कसे गेलात? पोरवयात ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका करून गाजलेला माणूस तो. कोल्हापूरचाच. पुढे १९२१ साली ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते धैर्यधर आणि समोर भामिनी कोण? बालगंधर्व. आपले आजे-पणजे त्यासाठी जीव टाकायचे. त्यांना कुणी पार्किंगमध्ये हाका मारल्या नाहीत.

भोसले, १०.५३
तेव्हा पार्किंग नव्हतं सर.

सेक्रेटरी पोवार, १०.५४
नाट्यगृहाचं नाव काढू नका, ते जळालं ती ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवते. आम्ही चौघं जाऊन उभे होतो, नुसता धूर.

देसाई काकू, १०.५६
माझं पहिलं नाटक तिथलं होतं 😔

निकम, ११.०१
पार्किंगवरनं आठवलं. सी-४०२ ची दुसरी गाडी अजून पाहुण्यांच्या जागेत आहे.

शिंदे, ११.०२
झालं. आता सगळ्यांनी मिळून माझ्यावर या.

जाधव वहिनी, ११.२०
मला भांडण नको होतं. शेवटचं लिहिते. काल पिशवी ओढली तेव्हा घुंगराची दोरी तुटली. पंचवीस घुंगरं सुटली आणि उतारावरनं घरंगळत गेटपर्यंत गेली. वॉचमनमामा आणि मी बॅटरी घेऊन शोधत होतो, गाड्यांखाली वाकून. एकोणीस सापडली. पोरगं जिन्यात उभं राहून मोजत होतं. त्याच्या वर्गात कुणाला माहीत नाही तो कथक शिकतो ते. गेल्या गणपतीत तो नाचला तेव्हा ह्याच ग्रुपवर फुलांचे चाळीस मेसेज आले होते. मी ते त्याला वाचून दाखवले होते. त्यात सी-४०२ चा पण होता.

देसाई काकू, ११.२२
😢

भोसले, ११.२५
वहिनी, आज संध्याकाळी मी सोडतो त्याला क्लासला. बुलेटवरनं. बघू कोण हाक मारतंय.

जाधव वहिनी, ११.२६
हेल्मेट घालून.

भोसले, ११.२६
व्हय.

कांबळे सर, ११.३०
पुढच्या वेळी ‘बनगरवाडी’ लावू. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, पालेकरांचा सिनेमा, १९९५. पोरांना दाखवण्यासारखा आहे. आधी कमिटीतल्या दोघांनी तरी बघून घ्यावा.

निकम, ११.३२
त्यात गाणी आहेत का?

कांबळे सर, ११.३३
मेंढ्या आहेत.

कुलकर्णी काका, ११.४०
गच्चीवरील पाण्याच्या टाकीचे झाकण अद्याप उघडे आहे. मी बहात्तर वर्षांचा आहे, मला शिडी चढता येत नाही, नाहीतर सांगितलं नसतं.

सेक्रेटरी पोवार, ११.४१
काका, दुपारी प्लंबर येतोय.

कुलकर्णी काका, ११.४१
झाकणाला प्लंबर?

शिंदे, सायंकाळी ५.१८
वहिनी, खाली आहात का? पोराच्या दप्तरात चार घुंगरं सापडली. घेऊन येतोय. त्याला पण.

जाधव वहिनी, ५.२१
या. गेटजवळ आहे.

भोसले, ५.२२
पंचवीसातली तेवीस झाली. राहिलेली दोन टाकीत बघा काका 😄

कुलकर्णी काका, ५.२३
म्हणूनच म्हणत होतो.