मदत हवी आहे: ह्युंदाई व्हर्ना टर्बो, स्कोडा स्लाविया १.५ की होंडा सिटी? रविवारपर्यंत ठरवायचे आहे

विजापूररोडवाला:
नमस्कार. आमची २०१२ ची डिझेल सेडान आता काढायची आहे आणि तिच्या जागी घरासाठी एकच नवी सेडान घ्यायची आहे. २०२३ मध्ये पूर्णपणे नव्या रूपात आलेली व्हर्ना माझ्या मनात भरली आहे; तिच्या दीड लिटर टर्बो इंजिनाची १६० पीएस ताकद आणि २५३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढ) हे आकडे वाचल्यावर दुसरीकडे पाहावेसे वाटत नाही. मात्र स्लावियाचे दीड लिटर इंजिनही १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते, म्हणजे फरक नावापुरताच आहे, आणि सिटीचे इंजिन १२१ पीएसचे असले तरी ती घेतलेला कोणी कुरकुरताना मला आजवर भेटलेला नाही. डॅशबोर्डच्या बाबतीत तर पुरता गोंधळ उडाला आहे, कारण प्रत्येक शोरूममध्ये आपलाच पडदा कसा सरस हे ऐकवले जाते. प्रश्न सरळ आहे: कामगिरी आणि डॅशबोर्ड या दोन्हींत उजवी कोणती? सवलत रविवारपर्यंतच आहे. कृपया एसयूव्ही सुचवू नये.

चौथा_गिअर:
प्रश्न सरळ आहे, पण अर्धाच आहे. गाडी मॅन्युअल हवी की ऑटोमॅटिक, महिन्याला किती किलोमीटर होतात, त्यांपैकी गावात किती आणि हमरस्त्यावर किती, आणि मुख्य म्हणजे गाडी चालवणार कोण, हे सांगितल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर म्हणजे देणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीची जाहिरात असेल.

डिझेलनिष्ठ:
आपल्याकडे डिझेल गाडी असताना आपण पेट्रोलकडे का वळत आहात, हे मला समजलेले नाही. जुन्या व्हर्नामध्ये दीड लिटरचे उत्तम डिझेल इंजिन मिळत असे. नव्या व्हर्नातून ते काढून टाकले आहे आणि सिटीचे डिझेलही २०२३ मध्ये बंद झाले. माझे मत विचाराल तर २०२१-२२ ची चांगली राखलेली डिझेल व्हर्ना शोधावी.

होटगीकर:
एसयूव्ही सुचवू नका असे आपण लिहिले आहे, म्हणून सुचवत नाही. परंतु आपल्या सोलापूर शहरातल्या गतिरोधकांचा विचार केला तर जमिनीपासूनची उंची हा कामगिरीचाच भाग मानावा लागेल. स्लावियाचे पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंच आहे. माझ्याकडे एक लिटर इंजिनाची स्लाविया आहे आणि पाच माणसे बसवूनही ती अजून कुठे घासलेली नाही. माझ्या मेहुण्यांची सेडान मात्र त्यांच्याच सोसायटीच्या फाटकावर दर आठवड्याला घासते.

विजापूररोडवाला:
ऑटोमॅटिक, अर्थातच. पुण्याला महिन्यातून दोन फेऱ्या होतात, बाकी गावातच. जुनी गाडी नको, डिझेल नको. आता कृपया उत्तर द्यावे.

चौथा_गिअर:
ते ‘अर्थातच’ नव्हते, कारण ऑटोमॅटिक म्हटल्यावर या तीन गाड्या तीन स्वभावांच्या होतात. व्हर्ना टर्बो आणि स्लाविया १.५ या दोन्हींत सात गिअरचा, कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे. मोहोळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की त्याच्यासारखे सुख नाही, कारण गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही. मात्र नवी पेठेतल्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत राहिलात तर क्लच सतत अर्धवट घासत राहतो आणि तापतो. बाहेर ४३ अंश असताना हे काम त्याला फारसे मानवत नाही. सिटीमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेला गिअरबॉक्स आहे. तिच्यात गिअर बदलण्याचा धक्काच नसतो आणि गर्दीत ती शांतपणे सरकत राहते. पण पाय जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. स्लावियाच्या एक लिटर इंजिनासोबत मिळणारा सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा ऑटोमॅटिक) हा मधला मार्ग आहे, तोही पाहावा.

मीटर_रीडिंग:
वरील सदस्यांनी क्लचची भीती जरा अधिकच घातली आहे. मी दीड वर्षापासून व्हर्ना टर्बो डीसीटी, म्हणजे तीच दुहेरी क्लचची गाडी चालवतो. गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे इंचाइंचाने सरकण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे, मग पुढे जावे आणि पूर्ण थांबावे. एवढी सवय लावून घेतली तर मला अजून कसलाही त्रास झालेला नाही. आकड्यांविषयी एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. व्हर्ना टर्बोचा पूर्ण टॉर्क १५०० ते ३५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) दरम्यान मिळतो, तर सिटीचे १४५ न्यूटन मीटर ४३०० आरपीएमला मिळतात. याचा अर्थ असा, की घरची पाच माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू असताना तुळजापूरचा घाट चढायचा असेल, तर व्हर्नाला नुसता अंगठा टेकवावा लागतो आणि सिटीला इंजिन ओरडेपर्यंत पाय दाबावा लागतो.

होटगीकर:
आणि डॅशबोर्ड? व्हर्नाच्या त्या दुतोंडी पट्टीविषयी आपण सोयीस्कर मौन पाळले आहे.

मीटर_रीडिंग:
मौन पाळलेले नाही, तिथेच येत होतो. व्हर्नामध्ये पडद्याखाली एक आडवी पट्टी आहे आणि तिच्या दोन टोकांना दोन गोल बटणे आहेत. पट्टी एसीच्या रूपात असताना तीच बटणे तापमान बदलतात आणि गाण्यांच्या रूपात असताना आवाज बदलतात. रूप बदलण्यासाठी पट्टीवरच्या खुणेला बोट लावावे लागते. पहिले दोन आठवडे मी थंडावा वाढवायला गेलो की भजनाचा आवाज वाढत असे, हे मान्य करतो, पण सवय होते. निदान फिरवायला हाताला काहीतरी लागते. स्लावियाच्या वरच्या श्रेणीत तर एसीसाठी नुसती गुळगुळीत स्पर्शपट्टी आहे आणि रस्त्यावरची नजर काढल्याशिवाय पंखा कमी करता येत नाही.

होटगीकर:
माझ्या श्रेणीत फिरवायची साधी बटणे आहेत, त्यामुळे हा आरोप मला लागू होत नाही. शिवाय स्लावियाच्या दहा इंची पडद्यावर फोन वायरशिवाय जोडला जातो, तर व्हर्नाच्या सव्वादहा इंची पडद्याला सुरुवातीला वायर लागत असे.

मीटर_रीडिंग:
वायर लागत असे, हे उत्तमच होते. वायरशिवाय नकाशा चालू ठेवून फोन चार्जिंगच्या गादीवर ठेवला, की मे महिन्यात टेंभुर्णी येईपर्यंत तो तव्यावरच्या भाकरीसारखा तापतो.

सावळेश्वर_टोल:
पडद्यापेक्षा एडासविषयी, म्हणजे समोरचा धोका ओळखून सूचना देणाऱ्या आणि ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेविषयी बोला. तिन्ही गाड्यांत फरक पडतो तो तिथेच. स्लावियामध्ये ते मिळत नसल्याने माझ्या भावाने ती यादीतून काढली. व्हर्नामध्ये कॅमेऱ्याबरोबर रडारही आहे, सिटीची सगळी मदार एका कॅमेऱ्यावर आहे. मात्र गाळप हंगामात रात्री प्रवास करणाऱ्यांनी यांपैकी कशावरही विसंबू नये. मागचा दिवा नसलेली ट्रॉली, तिच्या कडेने दोन-दोन हात लोंबणारा ऊस आणि समोरून येणारा प्रखर झोत, असे चित्र समोर असताना मी स्वतःच ब्रेक दाबतो आणि गाडीने नंतर सूचना दिली तर ती ऐकून घेतो.

चौथा_गिअर:
विजापूररोडवाला, चर्चा छान चालली आहे, पण गाडी कोण चालवणार या प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

विजापूररोडवाला:
पुण्याला मी नेतो. एरवी बाबा चालवतात. रोज सकाळी सिद्धेश्वर मंदिर, मग दुकान, दुपारी जेवायला घरी, पुन्हा दुकान. वय ६८ आहे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि चालवतात उत्तम. यात वेगळे काय सांगायचे?

चौथा_गिअर:
म्हणजे महिन्यातले सव्वीस दिवस गाडी बाबा चालवणार आणि १६० पीएसचा निर्णय आपण घेणार! एक काम करावे. तिन्ही गाड्यांची फेरी भर दुपारी एक वाजता मागावी आणि गाडी तासभर उन्हात उभी ठेवायला सांगावे. बाबांना चालकाच्या जागेवर बसवावे, काहीही समजावून सांगू नये, आणि चालत्या गाडीत तीन गोष्टी करायला सांगाव्यात: पंखा वाढवणे, पुढच्या काचेवर हवा वळवणे आणि रेडिओ बंद करणे. त्यांची नजर रस्त्यावरून किती वेळ हटते ते शेजारी बसून पाहावे. शोरूमच्या मुलाने मध्ये बोलू नये, हे आधीच बजावून ठेवावे.

होटगीकर:
जाताना टेप घेऊन जा आणि उंचीही मोजा.

विजापूररोडवाला:
काल तिन्ही गाड्या पाहून आलो. एका शोरूमने उन्हात गाडी ठेवायला नकार दिला. पडदा तापतो, असे कारण दिले, त्यामुळे ती फेरी सावलीतूनच झाली. व्हर्नामध्ये बाबांनी पंखा वाढवायला हात नेला आणि रेडिओ मोठा झाला. तो कमी करायला गेले तेव्हा मागून रिक्षा हॉर्न वाजवत होती, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि मला म्हणाले, “तूच चालव.” स्लावियाच्या वरच्या श्रेणीत त्यांनी पट्टीवर चार वेळा बोट फिरवले आणि शेवटी काच खाली केली. सिटीमध्ये एसीची तीन गोल बटणे आहेत. पहिल्याच प्रयत्नात, समोर पाहत, तिन्ही कामे झाली. डावा इंडिकेटर दिल्यावर आरशाखालच्या कॅमेऱ्यातले चित्र पडद्यावर आले, तेव्हा त्यांनी विनाकारण आणखी दोनदा इंडिकेटर देऊन पाहिला. पडदा आठच इंची आहे आणि हवा खेळवणाऱ्या सीट या गाडीत नाहीत, हे मला खटकते. परत येताना मी स्वतः व्हर्ना टर्बो पुन्हा एकदा पुणे रस्त्यावर पळवली आणि ती सोडताना जिवावर आले, हेही लपवत नाही. सिटी सीव्हीटीची नोंदणी आज सकाळी केली. सर्वांचे आभार.

मीटर_रीडिंग:
अभिनंदन. तरीही दोन आठवड्यांत त्यांना व्हर्नाची सवय झाली असती, या मतावर मी ठाम आहे.

डिझेलनिष्ठ:
अभिनंदन. आपली २०१२ ची डिझेल गाडी एकूण किती किलोमीटर चालली आहे आणि तिची काय किंमत अपेक्षित आहे, हे कृपया कळवावे.